काठावरची ठेव

रोपे किती लावली याचा हिशेब ठेवणे सोपे. किती जगली हा प्रश्न बहुधा आर्थिक वर्ष उलटल्यावर उपस्थित होतो. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने ओढ्याकाठच्या झाडांविषयी लिहावे याचे वाचकांस नवल वाटेल. पण या विषयाच्या मुळाशी भांडवल व उत्पन्न यांतला फरकच आहे.

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात गेल्या शतकात अनेक ओढे सरळ करण्यात आले. त्यामुळे पाण्याचा वेग वाढला, तळ खरवडला जाऊन पात्र खोल गेले आणि उभे काठ ढासळू लागले. ते सावरण्यासाठी दगडी पिचिंगपेक्षा स्वस्त उपाय म्हणून काळ्या विलोची छाटकलमे काठात रोवण्यात आली. (आपल्या नदीकाठचा वाळुंज हा विलोचाच भाऊबंद.) पाने झडलेल्या फांद्या हिवाळ्यात तोडायच्या, भोक पाडून जमिनीत खोचायच्या, खर्च मुख्यतः मजुरीचा. वसंतात कांड्यांना पालवी फुटते आणि पाहणारा प्रसन्न होतो. पुढे उन्हाळ्यात मात्र त्यांतल्या पुष्कळ वाळून जातात.

कारण ती पालवी कमाईवर फुटलेली नसते. कांडीत साठलेले अन्न व पाणी ही तिची ठेव. पाने येतात ती या ठेवीवर, आणि आल्याबरोबर पाणी खर्चू लागतात. नवी मुळे वेळेत ओलीपर्यंत पोहोचली नाहीत तर ठेव संपते. पात्र खोल गेले की काठातील भूजलही खाली जाते, तेव्हा काठाच्या वरच्या अंगाला, विशेषतः वाळूत, कांडी तहानेने मरते. मग ती पाण्याच्या अगदी कडेला लावावी काय? तेथे दुसरेच संकट. सतत पाणी तुंबलेल्या मातीच्या छिद्रांत हवा उरत नाही आणि प्राणवायूवाचून मुळे वाढत नाहीत. विलो सोशिक खरा. परंतु चार दिवस पुरात बुडणे वेगळे आणि बारमाही चिखलात उभे राहणे वेगळे. ऑक्सफर्ड (मिसिसिपी) येथील सरकारी गाळ-संशोधन प्रयोगशाळा व मेम्फिस विद्यापीठ येथील संशोधकांनी या दोन्ही टोकांचा अभ्यास केला आहे. लावण्यापूर्वी कांड्या काही दिवस पाण्यात भिजवून ठेवल्यास त्या अधिक तग धरतात, असेही त्यांना आढळले. ठेव वाढवूनच पाठवायची, असा हा साधा व्यवहार.

तात्पर्य, कांडीची जागा व लांबी ओलीने ठरवली पाहिजे. उन्हाळ्यात ओल जेथवर खाली जाते तेथवर तिचे टोक गेले पाहिजे, आणि हे पाहण्यास ठिकठिकाणी एक खोल भोक पाडले तरी पुरते. पण एकाच मापाच्या हजारो कांड्यांची निविदा काढणे अधिक सोयीचे असते. आपल्याकडे २०१९ साली ३३ कोटी वृक्षलागवडीचे लक्ष्य ठरले, तेव्हाही चर्चा आकड्याचीच अधिक झाली. निदान अर्धी रक्कम दुसऱ्या उन्हाळ्यानंतरच्या मोजणीवर द्यावी, असे मला वाटते. त्या अटीवर ठेकेदार भोक पाडून ओल आपणहून पाहील.