सियालदहच्या कंदिलाखालचं रसायन

महाराष्ट्रात काळाआजार हे नाव फारसं कानावर पडत नाही. हा आजार बिहार, झारखंड, बंगाल आणि पूर्व उत्तर प्रदेशाच्या वाट्याला आलेला. ताप आठवडेच्या आठवडे हटत नाही, प्लीहा वाढून बेंबीच्या खाली उतरते, हातापायांच्या काड्या होतात, अंग काळवंडतं. उपचार मिळाले नाहीत तर बहुतेक रोगी दगावतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही साथ आसामात शिरली. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत एकट्या नौगाव जिल्ह्याची लोकवस्ती जवळपास पाव हिश्शाने घटली.

१९०३मध्ये विल्यम लीशमन आणि मद्रासचे चार्ल्स डोनोव्हन यांनी या रोगाचा परजीवी ओळखला. शत्रूचा चेहरा दिसला खरा. पण तो आपल्याच रक्षक पेशींच्या आत दडून वाढतो. तिथवर पोचून त्याला मारायचं आणि रोग्याला मात्र जिवंत ठेवायचं, हे कुणाला जमत नव्हतं.

ते जमवणारे उपेंद्रनाथ ब्रह्मचारी १८७३मध्ये बिहारातल्या जमालपूरला जन्मले. वडील रेल्वेत डॉक्टर. मुलगा आधी गणितात रमला, मग रसायनशास्त्रात एम.ए. झाला आणि त्यानंतर डॉक्टर. १९०२मध्ये एम.डी., १९०४मध्ये तांबड्या रक्तपेशी फुटण्याच्या क्रियेवर पीएच.डी. नोकरी कलकत्त्यात सियालदहच्या कॅम्पबेल मेडिकल स्कूलमध्ये. आज तिथे नीलरतन सरकार मेडिकल कॉलेज आहे. रोगी तपासणारा आणि चंचुपात्र हातात धरणारा माणूस एकच असणं, हीच मला या कहाणीतली निर्णायक गोष्ट वाटते.

त्या काळी काळाआजारावर टार्टर इमेटिक, म्हणजे अँटिमनीचा एक क्षार, शिरेतून देत. रोगी बरे होत. पण इंजेक्शनं महिनोन्‌महिने चालत, खोकल्याची उबळ येई, उलट्या होत. कित्येक जण उपचार अर्धवट टाकून गावी निघून जात. ब्रह्मचारींनी वेगळी वाट धरली. पॉल एर्लिख यांनी आर्सेनिकला कार्बनी रेणूत गुंफून उपदंशावर औषध बनवलं होतं. आवर्तसारणीत आर्सेनिकच्या बरोबर खाली अँटिमनी. मग तेच तंत्र अँटिमनीवर का वापरू नये?

प्रयोगशाळा म्हणजे रुग्णालयातली एक चिमुकली खोली. तिथे ना गॅस, ना विजेचा दिवा, ना पाण्याचा नळ. दिवसभराचं काम उरकून रात्री दहाच्या सुमाराला, धुरकट कंदिलाच्या उजेडात प्रयोग मनासारखा उतरल्याचं दिसलं, ती आठवण त्यांनी पुढे स्वतःच सांगितली आहे. त्या संयुगाचं नाव युरिया स्टिबामाइन. पहिल्या आठ रोग्यांचा अहवाल १९२२मध्ये प्रसिद्ध झाला. महिन्यांचा उपचार काही आठवड्यांवर आला आणि आसामात हे औषध मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं. या औषधाची नेमकी रासायनिक रचना मात्र पुढची कित्येक वर्षं वादात राहिली. ते एकच शुद्ध संयुग नसून मिश्रण असल्याचं नंतरच्या रसायनशास्त्रज्ञांनी म्हटलं. रोग्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं!

१९२९मध्ये त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं गेलं. त्या वर्षीचं वैद्यकाचं पारितोषिक जीवनसत्त्वांवरच्या संशोधनाला मिळालं. १९३४मध्ये ते ‘सर’ झाले, १९३६मध्ये इंदूरच्या सायन्स काँग्रेसचे अध्यक्ष होते, १९४६मध्ये वारले. मानमरातबाची यादी एवढ्यावर आटोपती घेतो, कारण त्यांचं दुसरं संशोधन मला अधिक मोलाचं वाटतं.

तेही १९२२चंच. काळाआजारातून बऱ्या झालेल्या काही रोग्यांच्या अंगावर काही काळाने फिकट चट्टे आणि गाठी उठत. ताप नाही, प्लीहा नीट, माणूस हिंडताफिरता. दिसायला हा कुष्ठरोगच. ब्रह्मचारींनी त्या गाठींतला द्रव सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्यात तोच परजीवी सापडला. बरा झाला म्हणून घरी पाठवलेल्या रोग्याकडे पुन्हा इतक्या बारकाईने पाहणं आणि जे दिसलं ते छापून मोकळं होणं, हे सर्वांनाच जमत नाही.

या शोधाचा पुढचा अर्थ नंतर उलगडला. हा परजीवी वालुमाशी पसरवते, हे १९४२मध्ये स्वयंसेवकांवरच्या प्रयोगांतून पक्कं झालं. चट्टे असलेल्या माणसाला वालुमाशी चावली की परजीवी तिच्यासोबत पुढच्या घरी जातो. एका साथीतून दुसऱ्या साथीपर्यंत रोग जिवंत राहतो तो असा. आता युरिया स्टिबामाइन मागे पडलं, लिपोसोमल अँफोटेरिसिनच्या एकाच मात्रेने काळाआजार आटोक्यात येतो. चट्ट्यांसाठी मात्र गोळ्या तब्बल बारा आठवडे घ्याव्या लागतात. ना ताप, ना दुखणं. त्यामुळे अशा रोग्याला दवाखान्याची पायरी चढायला लावणं हेच बिहारातल्या आशा कार्यकर्त्यांचं अवघड काम होऊन बसलं आहे.