मडके वाजवून घ्यावे, तशी चकती

बाजारात मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. कोठीत कीड नाही ना, याची खात्री करूनच नवे धान्य भरतो. मग ज्या चकतीत लग्नाचे फोटो, मुलांचे बोबडे बोल आणि घराची कागदपत्रे ठेवायची, ती मात्र खोक्यावरचा आकडा वाचून घरी आणायची, हे कसे?

संगणकांची देखभाल हा माझा नित्याचा व्यवसाय. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स जगापुढे ठेवले. ते विनामूल्य मिळते, आणि माळ्यावर टाकलेल्या जुन्या संगणकालाही घरच्या साठवणीच्या कामाला जुंपता येते. चकतीची परीक्षा घेण्याची साधनेही त्यावर फुकट मिळतात.

पहिली परीक्षा प्रकृतीची. चकती स्वतःच्या दुखण्याची टिपणवही ठेवत असते. ‘स्मार्टसीटीएल’ ही आज्ञा ती उघडून दाखवते. तीत दोन ओळी पाहाव्या : खराब झालेले किती कप्पे बदलले, आणि किती कप्पे वाचता न आल्याने खोळंबले आहेत. दोन्हीकडे शून्य असावे. आकडा वाढू लागला, तर त्याच दिवशी माल दुसरीकडे हलवावा. मात्र वही कोरी म्हणून निर्धास्तही राहू नये. काही चकत्या कुरकुर न करता एकाएकी डोळे मिटतात.

दुसरी परीक्षा वेगाची, आणि इथे फसगत फार. ‘डीडी’ या आज्ञेला एक गिगाबाइट मजकूर लिहायला सांगा. क्षणात काम उरकल्याचे ती कळवते. खरे पाहता लिनक्सने तो माल आधी रॅममध्ये घेतलेला असतो. चकतीवर तो सवडीने उतरतो. हमालाने पोती ओट्यावर टाकावी आणि वखार भरली म्हणून मजुरी मागावी, तसाच हा प्रकार! म्हणून माल चकतीत उतरेपर्यंत घड्याळ थांबवू नकोस, अशी अट आज्ञेतच घालावी लागते. कोठे लिहायचे तेही दोनदा वाचावे. पत्ता चुकला, तर ही आज्ञा काही न विचारता भरली चकती पुसून टाकते.

वेगही एकच नसतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या चकतीला एका फेऱ्यास सुमारे ८ मिलिसेकंद लागतात. सलग मजकूर ती सेकंदाला शंभर-दीडशे मेगाबाइट वाचते. पण चार-चार किलोबाइटचे तुकडे विखुरलेले असतील, तर प्रत्येकासाठी हात सरकवून फेऱ्याची वाट पाहावी लागते. मग सेकंदाला जेमतेम शंभर तुकडे, म्हणजे अवघे चारशे किलोबाइट! एसएसडीत फिरता भागच नसल्याने तिला ही वणवण नाही. म्हणून लिनक्स एसएसडीवर आणि फोटो फिरत्या चकतीवर, ही वाटणी मला सोयीची वाटते.

तिसरी परीक्षा सर्वांत मोलाची. दोन चकत्यांवर एकच मजकूर उमटवणारी ‘रेड’ ही जोडणी लिनक्समध्ये करता येते. एक चकती गेली तरी काम चालू राहते. पण नातवाने चुकून फोटो पुसले, तर ते दोन्हीकडून एकाच वेळी जातात. आरशातले प्रतिबिंब म्हणजे दुसरा माणूस नव्हे! खरी दुसरी प्रत वेगळ्या चकतीत हवी, आणि शक्यतो वेगळ्या घरी.

या दिवाळीत घर आवरताना एवढे करा : त्या दुसऱ्या प्रतीतला एखादा जुना फोटो उघडून पाहा. उघडला, तर प्रत आहे म्हणायची. नाही उघडला, तर मूळ चकती धडधाकट असतानाच कळले, हे काय थोडे झाले?