लेक ग्रंथालयशास्त्राची प्राध्यापक होऊ शकते

गटाच्या बैठकीत मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की नर्सिंग, डी.एड., पोलीस भरती ही नावं लगेच येतात. आज आम्ही एका वेगळ्या वाटेची माहिती देणार आहोत. ती म्हणजे विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकवण्याची वाट.

पुस्तकं कपाटात लावायची, त्यात शिकवायचं काय, असं वाटेल. पण आपल्या गटाचं दप्तर आठवा. चार वर्षांपूर्वीचा कर्जाचा ठराव पटकन सापडतो, कारण कुणीतरी नोंदी नीट ठेवलेल्या असतात. आपल्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे. एवढ्या जुन्या संग्रहातून हवं ते पुस्तक वाचकाच्या हाती कसं द्यायचं, याचं शास्त्र असतं. डॉ. एस. आर. रंगनाथन हे आधी गणित शिकवायचे. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी या शास्त्राचे पाच नियम मांडले. पुढे त्यांनी पत्नी शारदा यांच्या नावे त्याच विद्यापीठात या विषयाच्या प्राध्यापकपदासाठी देणगी दिली.

आता वाट कशी ते सांगतो. कला, वाणिज्य, विज्ञान, कोणतीही पदवी चालते. त्यानंतर एक वर्षाची बी.लिब. आणि मग एम.लिब. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं. घर, शेती सांभाळून शिकणाऱ्यांसाठी तिथे हे शिक्षण आहे. एम.लिब.ला ५५ टक्के गुण हवेत; राखीव प्रवर्गांना ५० टक्के चालतात. मग नेट किंवा सेट ही परीक्षा. सहायक प्राध्यापकपदाच्या नेटला वयाची अट नाही, म्हणून लग्नानंतर शिकणाऱ्या सुनेलाही ही वाट बंद नाही. वरच्या पदांसाठी मात्र पीएच.डी. लागते.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हा विषय शिकवणारे विभाग थोडे, कायम जागा त्याहून थोड्या. अनेकांना सुरुवातीला तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर काम करावं लागतं. मग एवढं शिकून उपयोग काय? उपयोग असा, की याच पात्रतेवर कॉलेजच्या ग्रंथपालपदासाठीही अर्ज करता येतो. कॉलेजं गावोगावी आहेत. सातव्या वेतन आयोगात या दोन्ही कायम पदांचं सुरुवातीचं मूळ वेतन सारखंच, ५७,७०० रुपये आहे. म्हणून फक्त प्राध्यापकीवर नजर ठेवू नका, दोन्हीकडे अर्ज करा.

प्रवेश घेण्याआधी त्या अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे ना, हे विचारून घ्या. तोंडी सांगण्यावर पैसे भरू नका.

पुढच्या बैठकीत एवढंच करा. पदवी घेऊन घरी बसलेल्या लेकी-सुनांची नावं काढा आणि त्यांना ही माहिती वाचून दाखवा. फीसाठी गटातून कर्ज देता येईल का, तेही त्याच बैठकीत ठरवा. शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी आपण कर्ज देतोच. शिक्षणासाठीही देऊ या.