शाकारणी

वैशाखाचे ऊन कलू लागले आणि नैर्ऋत्येकडून पांढुरक्या ढगांचे पुंजके येऊ लागले, की ठाणे जिल्ह्यातील किन्हवलीच्या परिसरात माणसे वारंवार आपल्या छपराकडे पाहू लागतात. शेतातील राब भाजून झालेला असतो, बियाणे कणगीतून बाहेर निघालेले असते; परंतु पेरणीला हात घालण्यापूर्वी आणखी एक काम उरकावे लागते. ते काम म्हणजे घराची शाकारणी. छपरावरील कौले उतरवून, झाडून, निवडून पुन्हा नीट बसविणे याला शाकारणी म्हणतात. गवताच्या छपरावर नवे गवत चढविणे हीही शाकारणीच होय.

किन्हवली हे शहापूर तालुक्यातील गाव. शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी पसरलेले आहेत. समुद्रावरून येणारे ढग पूर्वेकडील डोंगरांना अडतात आणि येथे मनसोक्त बरसतात. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागविणारी धरणे याच शहापूर तालुक्यात आहेत. ती उगीच येथे बांधलेली नाहीत. वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सर्वच्या सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो.

हा आकडा नुसता ऐकून पावसाची कल्पना येत नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे तेथे एक लिटर पाणी पडले. दहा मीटर लांब व सहा मीटर रुंद जागेवर छप्पर असलेले साधे घर घेतले, तरी दोन हजार मिलिमीटरच्या हिशेबाने त्या छपरावर एका पावसाळ्यात एक लक्ष वीस हजार लिटर पाणी पडते. पंधरा लिटरच्या घागरीने मोजले, तर आठ हजार घागरी! मुंबईत सांताक्रूझ येथे २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तसा पाऊस या घरावर पडता, तर एका दिवसात छपन्न हजार लिटरांहून अधिक पाणी त्याने झेलले असते. हे सारे पाणी घरात न येऊ देता जमिनीपर्यंत पोचविणे, एवढे एकच काम छपराला असते; पण ते त्याला रात्रंदिवस करावे लागते.

आता या कामात विघ्न कसे येते ते पाहावे. उन्हाळ्यात वानरांची टोळी घरावरून उड्या मारीत जाते, रात्री मांजरे कौलांवर भांडतात, वावटळ येते, शेजारच्या झाडावरून आंबा पडतो. एखादे कौल बोटभर सरकते. वैशाखात त्या फटीतून उन्हाचा एक कवडसा तेवढा घरात येतो, आणि मुले त्यातील धुळीचे कण पाहत बसतात. आषाढात त्याच वाटेने पाणी येते. ते प्रथम कौलाखालची रीप भिजवते. सतत ओली राहिलेली रीप कुजते. ती वाकली की तिच्यावरची कौलांची रांग खाली घसरते आणि बोटाएवढी फट हाताएवढी होते. मग पाणी वाशावरून ओघळत भिंतीच्या माथ्यावर येते. भिंत मातीची असेल तर ती आतून फुगते आणि श्रावणात केव्हातरी तिचा एखादा कोपरा खाली बसतो. कोपऱ्यात भाताची कणगी असली, तर वर्षाचे अन्नही त्यात भिजून जाते. उन्हाळ्यात हात लावून सारखे करता आले असते असे ते एक कौल! भर पावसात मात्र ते काम जवळजवळ अशक्य होते. ओली कौले शेवाळाने निसरडी होतात, पाय घसरण्याचे भय असते आणि दुरुस्तीसाठी छप्पर उघडले तर होते त्याहून अधिक पाणी आत येते.

पूर्वी या भागात कुंभाराने हाताने घडविलेली नळीची कौले असत. अर्ध्या नळीसारखे त्यांचे रूप. एक ओळ उताणी, तिच्या कडांवर दुसरी ओळ पालथी, अशी ती मांडली जात. त्यांना धरून ठेवणारे काही नसल्यामुळे ती सहज सरकत आणि दरवर्षी सगळे छपर परतावे लागे. पुढे मंगलोरी कौले आली. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळूर येथे यंत्राने कौले तयार करण्याचा कारखाना काढला, त्यावरून हे नाव पडले. या कौलाला कडेने खाचा असतात. एकाची कडा दुसऱ्याच्या खाचेत बसते आणि खालच्या अंगचे नाक रिपेला अडकते. त्यामुळे ती लवकर हलत नाहीत. तरीही त्या खाचांमध्ये पालापाचोळा व माती साचली, की पाणी तुंबते आणि कड ओलांडून आत उतरते. म्हणून मंगलोरी कौले असलेल्या घरालाही झाडणीतून सुटका नाही. जाणता कारागीर प्रत्येक कौल बोटाच्या पेराने ठोकून पाहतो. धड कौल खणखणते. तडा गेलेले कौल, तडा डोळ्यांना दिसत नसला तरी, बद्द वाजते. अशी कौले तो बाजूला काढतो. कौलांच्या मधोमध तो कधीही पाय देत नाही. आडव्या बांबूवर किंवा वाशाच्या रेषेवर भार टाकून चालतो. हे काम मुलांनी करावयाचे नसते, खालून कौल हाती देण्याचे मात्र त्यांना करता येते.

छपरावरून उतरलेले पाणी वळचणीला पागोळ्यांच्या रूपाने पडते. ते जोत्याशीच साचले, तर निराळेच संकट उभे राहते. दिव्याच्या वातीतून तेल जसे आपोआप वर चढते, तसे जमिनीतील पाणी माती, चुना आणि विटा यांच्या सूक्ष्म छिद्रांतून भिंतीत वर चढते. मग गिलाव्याचे पोपडे सुटतात, भिंतीवर पांढरे क्षार फुटतात. अशा भिंतीला आतून कितीही रंग दिला तरी तो टिकत नाही, हे अनेकांना दोनदा रंग दिल्यावर कळते. खरा उपाय घराबाहेर असतो. वळचणीखाली चर खणून त्याला उतार द्यावा आणि पाणी घरापासून दूर न्यावे.

जुन्या घरांतील लाकडी खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभे केलेले आढळतात. त्यामागेही हाच विचार आहे. दगडातून ओल फारशी चढत नाही आणि वाळवीलाही खांबापर्यंत लपून जाता येत नाही. वाळवी उजेड टाळते. दगडावरून जाताना तिला मातीची नळी बांधावी लागते. ती नळी दिसताच खरवडून टाकली, तर खांब वाचतो. वाशांचे रक्षण पूर्वी चुलीचा धूर करीत असे. धुराने काळे झालेल्या बांबूला भुंगेरे सहसा लागत नाहीत. पण तो धूर डोळ्यांना आणि फुप्फुसांना अपायकारक असल्यामुळे तो घरातून गेला हे चांगलेच झाले. मात्र आता वासे अधिक लक्षपूर्वक तपासावे लागतात, एवढे खरे.

डोंगराकडील पाड्यांवर कारवीच्या काठ्यांचे कूड असतात. त्यांवर शेणामातीचा लेप असतो. पावसाचा झोत पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येत असल्यामुळे त्या अंगाचा कूड आधी धुपतो. म्हणून त्या बाजूला गवताचा किंवा पेंढ्याचा आडोसा बांधतात आणि उरलेल्या कुडांना उन्हाळ्यातच नवा लेप देतात, कारण लेप वाळावयास कोरडी हवा लागते.

आता किन्हवलीच्या आसपास पत्र्याची आणि स्लॅबची घरेही पुष्कळ झाली आहेत. त्यांना शाकारणी नाही, पण देखभाल चुकलेली नाही. पत्रा जेथे खिळ्याने वा आकड्याने बांधलेला असतो, तेथील वायसर उन्हाने कडक होऊन फाटतात आणि भोकातून पाणी येते; बांधणी सैल असेल तर वादळ अख्खा पत्रा उचलते. स्लॅबवर पाणी साचून राहिले, तर ते बारीक भेगांतून आतील लोखंडी सळ्यांपर्यंत पोचते. गंजलेले लोखंड मूळच्या लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापते. त्या दाबाने काँक्रीट आतून फुटते आणि त्याच्या खपल्या खाली पडतात.

जागा अधिक हवी म्हणून आवरण फोडावयाचे, हा खेळ थंड प्रदेशांत पाणी स्वतःच खेळते. पाण्याचे बर्फ होताना ते सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. काश्मीर व हिमाचल प्रदेशात हिवाळ्याच्या रात्री नळातील पाणी गोठून नळ फुटतात. म्हणून थंडीपूर्वी त्यांवर उबदार वेष्टन गुंडाळतात किंवा रात्री नळ रिकामे करून ठेवतात. हिमाचा भार साचू नये यासाठी काश्मिरातील छपरे उतरती असतात. लेहमध्ये मात्र पाऊस अगदी थोडा, म्हणून तेथील जुन्या घरांना मातीची सपाट छपरे चालत आली. ऑगस्ट २०१० मध्ये तेथे अवचित ढगफुटी झाली, तेव्हा मातीच्या कित्येक घरांची वाताहत झाली. ती घरे आपल्या नेहमीच्या हवेसाठी उत्तम बांधलेली होती. हा पाहुणा त्यांच्या ओळखीचा नव्हता.

किन्हवलीला पाऊस असा अनोळखी नाही. शाकारणी संपल्यावरही घरधनी पहिल्या मोठ्या सरीची वाट पाहतो. ती बहुधा रात्री येते. तो दिवा घेऊन माजघरात, पडवीत, गोठ्यात फिरतो आणि वर पाहतो. ओघळ वाशावरून लांब वाहत येतो, म्हणून थेंब पडतो तेथे गळती असतेच असे नाही. तो ओघळाच्या मागे मागे वर जात मूळ जागा शोधतो आणि शेजारच्या वाशावर कोळशाने खूण करतो. सकाळी पाऊस उघडला, की आतूनच काठीने ते कौल हळूच वर सरकवून जागेवर बसवितो आणि मग पेरणीला जातो.