एफ४ दाबलं की भलतंच होतंय? लॅपटॉपच्या फंक्शन कीजचा घोळ असा सोडवा

एक्सेलमध्ये फॉर्म्युला लिहिताना सेलचा पत्ता फिक्स करायला एफ४ दाबतात, डॉलरची चिन्हं आपोआप येतात. पण बऱ्याच नवीन लॅपटॉपवर एफ४ दाबलं की डॉलर येत नाही, माइक बंद होतो नाहीतर ब्राइटनेस बदलतो.

टॅलीवाल्यांचे तर जास्तच हाल. व्हाउचर भरताना पेमेंटला एफ५, रिसीटला एफ६, सेल्सला एफ८, परचेसला एफ९. क्लासच्या डेस्कटॉपवर यावर हात बसलेला असतो. मग नोकरीच्या प्रॅक्टिकल टेस्टला लॅपटॉप समोर येतो आणि एकही की ऐकत नाही. समोरच्याला वाटतं, याला टॅली येतच नाही!

असं का होतं?

फोनचं व्हॉल्यूम बटण आठवा. बऱ्याच फोनमध्ये कॅमेरा उघडा असेल तर त्याच बटणाने फोटो निघतो. तिथे बटणाचं काम ॲप ठरवतं. लॅपटॉपमध्ये उलटं आहे. जागा कमी म्हणून कंपन्या एकाच कीला दोन कामं देतात, आणि त्यातलं कोणतं करायचं हे साधारणपणे लॅपटॉपचं फर्मवेअर आधीच ठरवतं. त्यामुळे तुम्ही एफ४ दाबलंय हे एक्सेलपर्यंत पोचतच नाही. म्हणूनच एक्सेल किंवा टॅली पुन्हा इन्स्टॉल करून काही उपयोग नाही.

उपाय काय?

१. सगळ्यात सोपा: एफएन की दाबून ठेवा आणि मग एफ४ दाबा. विंडो बंद करायचा ऑल्ट + एफ४ चालत नसेल, तर ऑल्ट + एफएन + एफ४ करून पाहा.

२. एफएन लॉक: एस्केप कीवर छोटं कुलूप किंवा 'एफएन लॉक' असं दिसतंय का बघा. असेल तर एफएन + एस्केप एकदा दाबा. लेनोवो आणि डेलच्या अनेक मॉडेल्सवर हे चालतं. पुन्हा दाबलं की पहिल्यासारखं.

३. बायोस: एचपीच्या अनेक लॅपटॉपवर सुरू होताना एफ१० दाबून बायोस उघडतं. तिथे 'ॲक्शन कीज मोड' डिसेबल करून सेव्ह करा. बाकी कशाला हात लावू नका. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आधी आयटीवाल्यांना विचारा.

४. मॅक: सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, मग कीबोर्ड शॉर्टकट्स, मग फंक्शन कीज. तिथे एफ१, एफ२ वगैरे स्टँडर्ड फंक्शन कीज म्हणून वापरण्याचा पर्याय सुरू करा.

तरीही चालत नसेल तर?

मी एक छोटी टेस्ट करतो. विंडोज + कंट्रोल + ओ दाबलं की स्क्रीनवर कीबोर्ड येतो. त्यातल्या एफएनवर क्लिक केलं की आकड्यांच्या जागी एफ१ ते एफ१२ दिसतात. तिथून एफ४ चाललं, तर घोळ लॅपटॉपच्या सेटिंगचा. तिथूनही नाही चाललं, तर मागे चालू असलेलं एखादं सॉफ्टवेअर ती की पळवत असणार. स्क्रीन रेकॉर्डर आणि गेमिंगची ॲप्स हे हमखास करतात. एकेक बंद करून बघा, आणि चोर सापडला की त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन शॉर्टकट बदला.

एक लक्षात ठेवा, एफएन लॉक सुरू केल्यावर आवाज आणि ब्राइटनेससाठी एफएन दाबावं लागेल. दिवसभर एक्सेल किंवा टॅली असेल तर लॉक सुरू ठेवा, नुसते पिक्चर बघत असाल तर बंदच बरा.