स्क्रू पिळण्याआधी: थ्रॉटल सेन्सर आणि आयडलिंगबद्दलचे गैरसमज

सिग्नलला गाडी थांबली की आरपीएमचा काटा वरखाली होतो, एसी लावला की इंजिन थरथरतं, ब्रेक मारून क्लच दाबला की बंदच पडतं. अशी पेट्रोल गाडी गॅरेजात नेली की पुष्कळदा पहिला उपाय ठरलेला असतो: ‘थोडी रेस वाढवून देतो.’ थ्रॉटल बॉडीवरचा एक स्क्रू पाऊण आटा पिळला जातो आणि गाडी बंद पडायची थांबते. मूळ बिघाड मात्र जागेवरच राहतो आणि त्यात चुकीच्या सेटिंगची भर पडते. पुढे पेट्रोल जास्त लागतं, चेक इंजिनचा दिवा लागतो, एकेक सेन्सर बदलला जातो. यातला बराचसा खर्च टाळता येतो. त्यासाठी काही समजुती आधी दुरुस्त करायला हव्यात.

गैरसमज १: आयडलिंग स्क्रू फिरवूनच सेट करतात.

वस्तुस्थिती: कार्बोरेटरच्या गाड्यांत हे खरं होतं. ॲम्बॅसडर, प्रीमियर पद्मिनी, सुरुवातीची मारुती ८०० या गाड्यांच्या कार्बोरेटरवर एक स्क्रू थ्रॉटलची झडप किती उघडी राहील ते ठरवायचा आणि दुसरा हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा असायचा. कसलेला मिस्त्री कानाने ऐकून दोन्ही जुळवायचा. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादा संपून रस्त्यावरून उतरली, पण स्क्रूची ती सवय अजून गेलेली नाही.

इंधन-इंजेक्शनच्या इंजिनात आयडलिंग ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, सांभाळतो. इंजिन गरम झाल्यावर साधारण ७०० ते ९०० आरपीएमचं लक्ष्य त्याच्यात भरलेलं असतं. इंजेक्शनच्या जुन्या (एमपीएफआय) गाड्यांत मुख्य झडप मिटलेली असताना बाजूच्या वाटेने लागेल तेवढी हवा सोडणारा आयडल व्हॉल्व्ह असतो. नव्या गाड्यांत मोटर मुख्य झडपच किंचित उघडते. झडपेच्या टेकूचा जो स्क्रू दिसतो, तो झडप पूर्ण मिटून नळीत अडकू नये म्हणून कारखान्यातच बसवलेला असतो. त्याच्यावर रंगाची खूण किंवा टोपी असते ती त्यासाठीच. तो पिळून झडप उघडी ठेवली तर ईसीयू बाजूची हवा कमी करून आरपीएम पुन्हा खाली आणतो. व्हॉल्व्ह पूर्ण मिटूनही हवा जास्तच राहिली, की ईसीयूच्या हातात काही उरत नाही. मग आयडलिंग चढं राहतं किंवा काटा वरखाली होऊ लागतो.

गैरसमज २: थ्रॉटल सेन्सर थोडासा सरकला तर काही बिघडत नाही.

वस्तुस्थिती: थ्रॉटल पोझिशन सेन्सरला सहसा तीन तारा असतात: एकीवर ५ व्होल्ट, दुसरी अर्थची, तिसरी सिग्नलची. झडप मिटलेली असताना सिग्नल बहुतेक गाड्यांत अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो आणि पूर्ण उघडल्यावर ४ व्होल्टच्या वर जातो. मिटलेल्या अवस्थेतलं वाचन हे ईसीयूचं शून्य. तराजूत पासंग राहिला तर पुढचं प्रत्येक माप चुकतं, तसंच इथेही होतं.

‘पाय ॲक्सिलरेटरवर नाही’ हे ईसीयूला या शून्यावरून कळतं आणि त्यावर दोन महत्त्वाच्या गोष्टी अवलंबून असतात. पहिली म्हणजे आयडलिंगवर ताबा. दुसरी म्हणजे उतारावर पेट्रोल तोडणं. खंडाळ्याचा घाट उतरताना गाडी गिअरमध्ये असेल, पाय पूर्ण काढलेला असेल आणि आरपीएम पुरेसे असतील, तर ईसीयू इंजेक्टर बंद करतो. चाकंच इंजिन फिरवत राहतात. आरपीएम आयडलच्या जवळ आले की पेट्रोल पुन्हा सुरू होतं. म्हणजेच न्यूट्रलमध्ये घाट उतरून पेट्रोल वाचत नाही. उलट आयडलिंगपुरतं पेट्रोल जळतच राहतं आणि इंजिनचा ब्रेकही हातचा जातो.

शून्य सरकलं तर पाय काढल्यावरही ईसीयूला पाय हलकासा टेकलेला वाटतो, आणि मग आयडलिंगही नीट बसत नाही, उतारावर पेट्रोलही तुटत नाही. बरेच ईसीयू सर्वांत खालचं वाचन नवीन शून्य म्हणून शिकून घेतात, पण ठरावीक मर्यादेपर्यंतच.

गैरसमज ३: दोन स्क्रू सैल करून कोणताही सेन्सर जुळवता येतो.

वस्तुस्थिती: आधी सेन्सरची भोकं पाहावीत. ती लांबट असतील तर सेन्सर फिरवून जुळवण्यासाठी बनवलेला आहे. गोल असतील तर तो एकाच जागी बसतो. गोल भोकं कानशीने लांबवणं म्हणजे सेन्सर कायमचा खराब करणं.

आयडल संपर्क, म्हणजे झडप मिटल्यावर जोडला जाणारा स्विच, असलेल्या काही जुन्या सेन्सरांना जुळवण्याची पद्धत नेमकी आहे. टेकूचा स्क्रू आणि झडपेचा दांडा यांच्या फटीत फीलर गेजची पातळ पट्टी सरकवायची आणि मल्टिमीटर आयडलच्या टोकांना लावायचा. मॅन्युअलमध्ये दिलेल्या पातळ पट्टीवर संपर्क जोडलेला दिसला पाहिजे आणि जरा जाड पट्टी घालताच तुटला पाहिजे. या दोहोंच्या मधली जागा सापडेपर्यंत सेन्सर केसभर फिरवायचा, स्क्रू आवळायचे आणि पुन्हा तपासायचं, कारण आवळतानाही तो सरकतो. पट्टीची जाडी प्रत्येक इंजिनाला वेगळी, म्हणून इथे अंदाज चालत नाही.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाड्यांत जुळवण्यासारखं काही ठेवलेलंच नसतं. तिथे पेडललाही सेन्सर असतो आणि झडपेलाही. प्रत्येकाचे दोन सिग्नल ईसीयू एकमेकांशी ताडून पाहतो. ते जुळले नाहीत तर पी२१३५ सारखा कोड येतो आणि गाडी मर्यादित ताकदीवर चालते. ही सुरक्षेची सोय आहे. तिच्याशी खेळू नये.

गैरसमज ४: स्कॅनरवर थ्रॉटल सेन्सरचा कोड आला, म्हणजे सेन्सर बदलायचा.

वस्तुस्थिती: कोड सर्किटबद्दल सांगतो. पी०१२२ म्हणजे सिग्नल अपेक्षेपेक्षा कमी, पी०१२३ म्हणजे जास्त. तार तुटली, अर्थ सैल झाली किंवा सॉकेटमध्ये गंज चढला तरी हेच कोड येतात. कोकणातल्या पावसाळ्यात सॉकेटच्या पिनांवर हिरवट थर धरतो आणि उभ्या गाडीतल्या तारा उंदीर कुरतडतात. नवा सेन्सर घेण्याआधी हे पाहिलंच पाहिजे.

पेडलच्या केबलने चालणाऱ्या थ्रॉटलची तपासणी सोपी आहे. इग्निशन चालू, इंजिन बंद. सॉकेट न काढता मागून सिग्नलच्या तारेला मल्टिमीटर लावायचा आणि पेडल अगदी सावकाश दाबायचं. व्होल्टेज सलग चढलं पाहिजे. मध्येच खाली पडून पुन्हा वर आलं, तर आतली पट्टी त्या जागी झिजली आहे. नेहमीच्या वेगाला गाडी जिथे झटका देते, बहुधा तीच ही जागा असते. अशा वेळी सेन्सर बदलणं योग्य.

गैरसमज ५: थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर आयडलिंग वाढलं, म्हणजे काम बिघडलं.

वस्तुस्थिती: इंजिनातली तेलकट वाफ हवेच्या वाटेने परत येते आणि झडपेच्या कडेला काळा थर बसवते. हवा कमी पडते, म्हणून ईसीयू हळूहळू झडप किंवा आयडल व्हॉल्व्ह जास्त उघडायला शिकतो. थर निघाला की तीच जुनी सवय जास्त हवा सोडते. अशा वेळी स्क्रूला हात न लावता ईसीयूला पुन्हा शिकवायचं असतं. काही गाड्या थोडं चालवल्यावर आपोआप शिकतात, तर काहींना स्कॅनरने किंवा ठरावीक क्रमाने शिकवावं लागतं. निसानच्या अनेक गाड्यांत यासाठी ‘आयडल एअर व्हॉल्यूम लर्निंग’ नावाची वेगळी प्रक्रियाच आहे. बॅटरी काढून लावल्यावरही काही गाड्यांना असंच पुन्हा शिकवावं लागतं.

साफ करताना एक काळजी घ्यावी: इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप इग्निशन चालू असताना बोटाने ढकलू नये. आतल्या गिअरना इजा होऊ शकते आणि झडप अचानक मिटली तर बोट सापडतं.

गैरसमज ६: आरपीएम बदलले म्हणजे बिघाड आहेच.

वस्तुस्थिती: थंड इंजिन सकाळी १२०० किंवा त्याहून वर फिरणं, गरम होताना हळूहळू खाली येणं, एसीचा कंप्रेसर लागताना आरपीएम थोडे चढणं, हे सगळं ईसीयू मुद्दाम करतो. गरम इंजिनात काहीही चालू-बंद न करता काटा सतत नाचत असेल तर तपासणी हवी.

गैरसमज ७: गाडी बंद पडत नाही ना, मग आयडलिंग चढं असलं तरी चालेल.

वस्तुस्थिती: चढ्या आयडलिंगमुळे प्रत्येक सिग्नलवर जास्त पेट्रोल जळतं. ऑटोमॅटिक गाडी ब्रेक सोडताच जोरात पुढे सरकते. गर्दीत आणि पार्किंगमध्ये हा सरळ धोका आहे. शिवाय खरं कारण झाकलं जातं. व्हॅक्यूमचा पाइप चिरला असेल, इनटेकच्या गॅस्केटमधून हवा शिरत असेल, इंजिनातली वाफ परत नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह अडकला असेल, तर स्क्रू पिळून त्यातलं काहीच बरं होत नाही. हवेचं वजन मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या इंजिनात अशा गळतीने पेट्रोल कमी पडतं आणि पी०१७१ कोड येतो. इनटेकचा दाब मोजणाऱ्या एमएपी सेन्सरच्या इंजिनात आयडलिंगच वाढतं.

म्हणून कामाचा क्रम ठरलेला असावा. आधी कोड वाचणं आणि लिहून ठेवणं, मग पाइप आणि सॉकेट, मग थ्रॉटल बॉडीची सफाई आणि शिकवणी, मग सेन्सरचं व्होल्टेज. जुळवाजुळव सर्वांत शेवटी, आणि तीही मॅन्युअलमध्ये तशी सोय दिली असेल तरच. गॅरेजात गाडी देताना तीन आकडे मागावेत: पाय काढल्यावर थ्रॉटलचं वाचन किती, ईसीयूला हवे असलेले आरपीएम किती आणि प्रत्यक्षात किती. स्कॅनर जोडलेला असेल तर ते पाहायला फार वेळ लागत नाही. जो मिस्त्री हे आकडे दाखवून मग काम सांगतो, त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये. मोजण्याचे पैसे देणं हे न लागणारा सुटा भाग विकत घेण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडतं.