तंबू पावसात नाही, माळ्यावर मरतो!

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला, की ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो, ‘काजवे बघायला कोण कोण येतंय?’ मग मुंबईकर घोटीवरून आणि पुणेकर संगमनेर, अकोले, राजूर करत भंडारदऱ्याकडे सुटतात. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातलं राजूर म्हणजे पुण्याकडून येणाऱ्यांसाठी धरणाआधीची शेवटची मोठी बाजारपेठ. इथे चहा मारायचा, पेढे बांधून घ्यायचे, टॉर्चचे सेल आठवणीने घ्यायचे आणि पुढे निघायचं. वाटेत रंधा धबधबा, मग १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण, त्यामागे आर्थर लेक आणि काठाने रंगीबेरंगी तंबू!

भाड्याचा तंबू मिळतोच, पण हौसेने स्वतःचा घेणारेही बरेच. आमच्या ग्रुपमध्ये चौघांनी घेतले. त्यातले दोन दुसऱ्याच पावसाळ्यात गेले. गंमत म्हणजे ते ना वाऱ्याने फाटले, ना घाटघरच्या पावसाने. दोघांनीही प्राण सोडला तो घरी, माळ्यावर, घट्ट बांधलेल्या पिशवीत. माझा तंबू मात्र यंदा नववा पावसाळा बघतोय. त्यामागे महागडी ब्रँडगिरी नाही, थोडीशी शिस्त आहे.

आतला शत्रू

तंबूचं कापड असतं पॉलिस्टरचं किंवा नायलॉनचं. ते वॉटरप्रूफ होतं आतल्या बाजूच्या पातळ लेपामुळे, आणि बहुतेक तंबूंमध्ये हा लेप पॉलियुरेथेनचा असतो. लेबलवर ३००० मि.मी. असा आकडा दिसला, तर त्याचा अर्थ तीन मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब येईपर्यंत कापड पाणी झिरपू देणार नाही. पण हा हिशेब लेप शाबूत असेपर्यंतच! ओल आणि उष्णता एकत्र आली की लेप विघटित होऊ लागतो. आधी कुबट वास, मग चिकटपणा, मग पापुद्रे. शिवणींवरची पट्टीही सुटते. एकदा का हे झालं, की धुऊन काही उपयोग नाही. ओला तंबू बंद डिक्कीत ठेवणं म्हणजे हे सगळं आपल्या हाताने घडवून आणणं.

रविवारची वीस मिनिटं

कळतंय हो, रविवारी रात्री दहाला घरी पोचायचं आणि सोमवारी साडेनऊला मीटिंग! तरीही पिशवी उघडाच. बाहेरचं कव्हर पडद्याच्या रॉडवर, आतला भाग दारावर, खाली जुनं वर्तमानपत्र आणि वर फुल स्पीड पंखा. सकाळी उलटं करायचं, कोपरे आणि शिवणी हाताने चाचपायच्या, कारण ओल तिथेच लपते. गच्ची असेल तर उत्तम, पण सावलीत. कडक उन्हातले अतिनील किरण नायलॉनचा जीव हळूहळू काढतात.

आंघोळ घालताना

वॉशिंग मशीन? अजिबात नको. ड्रमच्या घुसळणीत शिवणी ताणतात, लेप खरवडला जातो. ब्लीच, ड्रायक्लीन आणि इस्त्री तर विसराच. कपड्यांची पावडरही नको, ती बाहेरच्या बाजूचा पाणी झटकणारा थर कमकुवत करते. बादलीत साधं पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ स्पंज पुरे. चिखल आधी वाळू द्यायचा आणि मग झटकायचा. ओला चिखल घासला तर तो कापडात आणखी मुरतो. बुरशीचे ठिपके दिसले तर पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून हलक्या हाताने पुसा आणि स्वच्छ पाण्याने धुवा. बुरशी आटोक्यात येईल, डाग कदाचित राहील. तो मिरवायचा!

आणि हो, हे सगळं घरी. तलावात साबण नको. प्रवरेचं तेच पाणी पुढे खालच्या गावांकडे जातं.

डांगीकडून शिका

राजूरचं डांगी जनावरांचं प्रदर्शन प्रसिद्ध आहे. या मुसळधार पावसाच्या मुलखातली ही गाय-बैलांची जात. तिच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो आणि पाऊस अंगावरून ओघळून जातो. तंबूच्या बाहेरच्या थराचं काम नेमकं हेच. फरक इतकाच, की डांगी बैलाला तो थर आपोआप मिळतो, आपल्या तंबूला विकत आणून द्यावा लागतो. कापडावर पाण्याचे थेंब मोत्यासारखे न थांबता पसरायला लागले, की ट्रेकिंगच्या दुकानात वॉटर रिपेलंट स्प्रे मिळतो, तो स्वच्छ तंबूवर मारा. शिवणीतून पाणी येत असेल तर सीम सीलर लावा.

पण आधी खात्री करा, तंबू खरंच गळतोय का? रात्रभर दोघांच्या श्वासाची वाफ थंड कापडावर जमते आणि पहाटे टपकते. त्यावर उपाय स्प्रे नव्हे, वरची झरोक्याची फट उघडी ठेवणं.

छोट्या गोष्टी, मोठे वांधे

झिपमधली माती जुन्या टूथब्रशने काढा. अडकलेली झिप ओढाल तर ती कायमची जाईल. पोल काढताना ओढू नका, ढकला. घडी मधल्या जोडापासून घाला, म्हणजे आतल्या इलॅस्टिकवर दोन्हीकडे सारखा ताण पडतो. खालचं प्लास्टिक तंबूपेक्षा थोडं लहान हवं. ते बाहेर डोकावलं तर पाऊस गोळा करून थेट तुमच्या पाठीखाली आणतं.

सीझन संपला की कंपनीच्या घट्ट पिशवीत कोंबू नका. जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल ठेवा, कोरड्या कपाटात. माळ्यावर, पत्र्याखाली नको.

रात्री दोन वाजता पाठीखाली पाणी आलं, की रतनवाडीचं ते सुंदर जंगल एकदम परकं वाटायला लागतं. तेव्हा मित्र चिडतात, कुणाला तरी ताप भरतो आणि पुढच्या वर्षी ग्रुपवरच्या त्या मेसेजला कुणी उत्तर देत नाही. म्हणून यंदा निघायच्या आठवडाभर आधी तंबू हॉलमध्ये लावा, आत शिरा, झिप बंद करा आणि लांब श्वास घ्या. वास कुबट आला, तर दुरुस्तीला अजून सात दिवस आहेत.